पहिल्या पाहणीला निघताना

आपत्तीनंतर लोकांना कोणती मदत लागेल हे बघायला पहिल्यांदाच जातोयस, तर ती आठ पानी प्रश्नावली आधी बाजूला ठेव. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत तेवढी उत्तरं द्यायला कोणाकडे वेळही नसतो आणि त्राणही.

"काय हवंय?" असं थेट विचारू नकोस. गाडीत ताडपत्र्या दिसल्या की सगळ्यांना ताडपत्रीच हवी असते! त्यापेक्षा काल पाणी कुठून आणलं, रांगेत किती वेळ गेला, साठवलं कशात, हे विचार. घरात हंडा-कळशीच उरली नसेल तर टँकर येऊन उपयोग काय?

स्फिअरचे, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांचे, आकडे पाठ असू देत: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, 20 जणांमागे एक संडास, निवाऱ्यात माणशी 3.5 चौरस मीटर जागा. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नकोस. संडास मोजून पुरेसे भरतात, आणि दाराला आतून कडी नसते, रात्री उजेड नसतो. मग बायका दुपारनंतर पाणी पिणंच टाळतात. हे पुढाऱ्यांच्या घोळक्यात कळणार नाही. बायकांशी वेगळं बोलायला हवं, तेही सोबतच्या सहकारी बाईने.

बाजार उघडलाय का, तेही बघ. माल मिळत असेल तर कधीकधी सामानापेक्षा रोख मदत बरी.

आश्वासन मात्र कसलंच देऊ नकोस. आणि अहवालात "गरज नाही" आणि "तिथे पोचता आलं नाही" हे वेगवेगळं लिही.