वडील ७१ वर्षांचे, गाडी दहा वर्षांची होत आली: फुल इन्शुरन्स ठेवावा की फक्त थर्ड पार्टी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतात, २०१६ ची १२०० सीसी पेट्रोल स्विफ्ट महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर चालते. यंदा रिन्युअलचा आकडा चार हजारांनी वाढून आला, एजंट म्हणाला "काकांचं वय झालं ना", आणि तुम्ही आता नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी पॉलिसी, घ्यायच्या विचारात आहात. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की गेल्या वर्षी मागच्या बंपरचा क्लेम घेतला होता, साडेचार हजार मिळाले.

मी निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या फायली बघत होतो. आता इंदिरानगरला असतो आणि माझी सत्तरीही जवळ आली आहे, त्यामुळे हा विषय माझ्या घरचाच आहे.

एजंटने वयाचं कारण दिलं ते मला पटत नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, शिवाय १८ टक्के जीएसटी. चालवणारा पंचविशीचा असो की पंचाहत्तरीचा, आकडा तोच. राहिला ओडी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग. तो गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची आजची किंमत), सीसी, गाडीचं वय आणि रजिस्ट्रेशनचं शहर यांवर बेततात. एमएच १५ ची, म्हणजे नाशिकची गाडी झोन 'बी'मध्ये येते, म्हणजे मूळ दर मुंबई-पुण्यापेक्षा थोडा कमीच. एखादी कंपनी सवलत देताना मालकाचं वय बघतही असेल, पण त्याने चार हजारांची उडी बसत नाही. सत्तरीनंतर प्रीमियम चढतो हे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत खरं आहे, आणि तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून ते इथेही खरं मानलं जातं.

तुमचा आकडा वाढला तो बंपरमुळे. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जातो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. समजा बोनसआधीचा ओडी प्रीमियम आठ हजार आहे. पन्नास टक्के होते तेव्हा चार हजार वाचत होते. आता पहिल्या वर्षी पूर्ण चार हजार जास्त, दुसऱ्या वर्षी २,४००, मग २,०००, १,२०० आणि ४००. पुन्हा पन्नास टक्क्यांवर पोहोचेपर्यंत दहा हजार गेले. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी जातील, पण साडेचार हजारांसाठी हा सौदा तोट्याचाच. त्यातही प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वरून हजार रुपये सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधले तेवढे पैसे आपणच सोसायचे. बंपर, आरसा, दारावरचा ओरखडा, हे सरळ अंबडच्या एखाद्या चांगल्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या आणि पैसे खिशातून द्या. गेलेलं गेलं, पण यापुढे वडिलांना हे नक्की सांगा.

आता मुख्य मुद्दा, ओडी सोडायचा का. नुसत्या थर्ड पार्टीत गाडी चोरीला गेली, जळली, झाड पडलं, पुरात गेली, तर एक पैसा मिळत नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक संमतीने ठरवतात. तुमच्या कोटेशनमध्ये ती २ लाख ८० हजार दिसतेय. उद्या गाडी गेली तर तेवढे पैसे वडील पेन्शनला धक्का न लावता उभे करतील का, एवढंच स्वतःला विचारा. करू शकत असतील तर ओडी सोडायला हरकत नाही. नसतील तर ठेवा, पण हलका करून ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर यंदा ठेवला असता.

हलका कसा करायचा? स्वेच्छेने ५,००० ची जादा वजावट घ्या. छोटे क्लेम घ्यायचेच नाहीत म्हटल्यावर ती अंगावर येत नाही आणि प्रीमियममध्ये सूट मिळते. दुसरं, २०२२ पासून किलोमीटरवर आधारित 'पे ॲज यू ड्राइव्ह' मिळतं. वर्षाला साडेतीन-चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ते चांगलं बसतं. फक्त वणी, शिर्डी, मुंबई अशा फेऱ्या धरून मर्यादा निवडा आणि ती ओलांडली तर काय होतं ते आधी विचारा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत, देत असतील तरी महाग पडतं. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरून देणारं कव्हर, पाथर्डी फाट्याला मला गरजेचं वाटत नाही. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर गाडी लावायची नाही. आणि गाडी पाण्यात बुडालीच तर चावी फिरवायची नाही, थेट टो करायची, कारण बुडालेलं इंजिन चालू करून पाहिल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. रोडसाइड असिस्टन्स मात्र घ्या. कसारा घाटात रात्री टायर बसला तर या वयात जॅक लावायला लागू नये.

थर्ड पार्टीत एक गोष्ट तपासा. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख असते. शंभर रुपयांच्या सवलतीसाठी ती ६,००० वर आणलेली नाही ना, ते पॉलिसीवर बघून घ्या. द्वारका चौकाच्या गर्दीत कुणाच्या महागड्या गाडीला धक्का लागला तर सहा हजारांत काही होत नाही.

आणि आता सगळ्यांत काळजीची गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. वडिलांचं लायसन्स कधी संपतंय? पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाचच वर्षांचं मिळतं. ज्येष्ठांचे जे क्लेम फेटाळलेले मी पाहिले, त्यांतल्या कितीतरी फायलींत गाडी ठीक, पॉलिसी चालू, प्रीमियम वेळेवर, आणि लायसन्स संपलेलं. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसेल तर ओडीचा क्लेम नाकारला जातो. त्याहून वाईट म्हणजे कुणी जखमी झालं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही रक्कम लाखांत असते. आयुष्यभर जपून राहिलेल्या माणसावर म्हातारपणी ती वेळ येताना बघवत नाही.

म्हणून आजच कार्ड काढून तारीख बघा. संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. फॉर्म १-ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर भरायचा, पुढचं काम पेठ रोडच्या आरटीओत. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्या निमित्ताने डोळेही नीट तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होईपर्यंत संध्याकाळनंतर गाडी तुम्ही चालवा. मालकाच्या संमतीने, वैध लायसन्स असलेलं कुणीही चालवलं तरी पॉलिसी लागू राहते.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वडिलांच्या स्कूटरच्या पॉलिसीत आधीच असेल तर गाडीवर पुन्हा घ्यायची सक्ती नाही, एजंटला तो काढायला सांगा. आणि मुदत उलटू देऊ नका. ९० दिवसांत रिन्युअल झालं नाही तर जमलेला बोनसही जातो.