डाउनलोड न करता फाइल मेल कशी करू?

प्रश्न : सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त मी क्रोममध्येच गूगल डॉक्सवर टाइप करते, मग डाउनलोड करा, जीमेल उघडा, जोडा, आणि फोल्डरमधे एकाच फाइलच्या सात कॉप्या. थेट नाही का जात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाते की! कॉम्प्युटरवर डॉक उघडा असतानाच वर फाइल मेनूत ईमेल, त्यात 'ईमेल धिस फाइल', पत्ता टाका, खाली पीडीएफ का वर्ड ते निवडा आणि सेंड, झालं. समोरच्याला दुरुस्त्या करायच्या असतील तर वर्ड, नाहीतर पीडीएफच बरं, त्यात मराठी फॉन्ट विस्कटत नाही (आम्ही लई भोगलंय हे). फक्त शेअर बटणाशी गल्लत नको, त्याने लिंक जाते आणि तुमचे नंतरचे बदलही तिकडे दिसतात.