दवाखान्याची फाइल कोण धरणार?

भाऊ, तुम्ही विचारलंत की इंग्लंडात तीन वर्षांची नोकरी मिळते आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार, आई दिग्रसजवळ गावातच राहणार, तिला शुगर-बीपी आहे. तर तिकडे दवाखाना फुकट असतो का, आणि पुढेमागे आईला नेता येईल का. मी दारव्हा तालुक्यातला. २०१६ साली इकडे आलो. तुमचा प्रश्न परवा वाचला तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून जरा लांबण लावतो. अर्ज कुठे भरायचा, कागद कोणते, ते सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे. ते सोडून देतो.

फुकट म्हणजे असं, की दवाखान्यात पैसे भरायची खिडकीच नसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा निघताना मी उगाच इकडेतिकडे बघत उभा राहिलो होतो, की आता कुणीतरी हाक मारेल. पण पैसे आधीच गेलेले असतात. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. मी आलो तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला १,०३५ आणि लेकराला ७७६. तुम्हा तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड होतात, दहा लाखांच्या आसपास रुपये, तेही विमानात बसायच्या आधी, एकरकमी. नर्स वगैरे लोकांच्या आरोग्य व्हिसाला हा माफ आहे, तुमचा तो नसेल तर कंपनी भरते का ते सही करण्याआधी विचारा. नंतर कुणी ऐकत नाही. शिवाय पगारातून कर कापला जातो तो वेगळा. आणि तरीही इथल्या चर्चांमध्ये ऐकावं लागतं की बाहेरच्यांनी येऊन दवाखाने भरवले. ज्या वॉर्डात मी पडून होतो तिथे रात्रपाळीची नर्स केरळची होती आणि डॉक्टर नायजेरियाचा.

माझी आत्या सेवाग्रामजवळच्या गावात दिलेली. कस्तुरबा रुग्णालयाची तिकडच्या गावांसाठी योजना होती, सुगी झाली की घराघरातून ज्वारी द्यायची, आणि तोच दवाखान्याचा विमा. ज्याच्या घरी कुणी आजारी पडलं नाही त्याचीही ज्वारी जायची. १९४८ साली अन्यूरिन बेव्हन या मंत्र्यानं इथे सगळ्यांच्या पैशातून चालणारी जी सरकारी आरोग्यसेवा उभी केली ती मला आत्याच्या ज्वारीवरून समजली. कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण कणगीपुढे रांग किती? माझं हर्नियाचं ऑपरेशन चौदा महिन्यांनी झालं. नियम १८ आठवड्यांचा आहे. इंग्लंडची प्रतीक्षा यादी २०२३ मध्ये पंच्याहत्तर लाखांच्या वर गेली होती, त्यातला एक मी. माझ्या पोरीच्या दाढेचं तर विचारूच नका. लहान लेकरांना दात मोफत, कागदावर. आमच्या भागात सरकारी यादीत नवीन पेशंट घेणारा दातवाला दोन वर्षं सापडला नाही. शेवटी सुट्टीत यवतमाळला दाढ काढली, अर्ध्या तासात, आणि त्या डॉक्टरनं विचारलं, "विलायतेत दाताचे डॉक्टर नाहीत काय?" मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर सवय होते. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, तेवढं एक.

आता आई. सरळ सांगतो, नेता येणार नाही असंच धरून चाला. २०१२ पासूनचा नियम असा, की तिला रोजचं अंघोळ-जेवणसुद्धा स्वतः करता येत नाही हे दाखवायचं, आणि तशी काळजी भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही हेही दाखवायचं. तुमच्याकडे पैसे असले तर ते म्हणतात मग तिथेच बाई ठेवा. नसले तर म्हणतात, इथे कशी पोसणार? पाहुणी म्हणून येऊ शकते, पण तेव्हा भरती व्हायची पाळी आली तर सरकारी दराच्या दीडपट बिल. माझी माय आली होती दोन महिने, मी तिला जिना उतरताना दर वेळी हात धरायचो. तिला वाटायचं पोरगा किती माया करतो.

खरं लिहायचं होतं ते बाबांचं.

डिसेंबर २०२२, कापसाची वेचणी चालू. बाबांना वावरात छातीत दुखलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून यवतमाळला पाठवलं, तिथून चुलतभाऊ म्हणाला, पोरगा इंग्लंडला असून बापाला सरकारीत ठेवता काय, लोक काय म्हणतील? नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. आमचं केसरी कार्ड. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आपल्यासारख्या शेतकरी-आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत तर तेव्हा पांढऱ्या कार्डाचा कास्तकारसुद्धा योजनेत बसायचा. चुलतभावानं कार्ड पुढे केलं. खिडकीवरच्यानं विचारलं, मुलगा काय करतो? हा भाबडेपणानं म्हणाला, लंडनला असतो. मी लंडनला राहतही नाही. मग योजनेचा बेड रिकामा नव्हता, पैसे भरून मात्र होता.

मी फोनवर होतो. भाव करायला पाहिजे होता, वरच्या माणसाशी बोलायला पाहिजे होतं, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसतो त्याला गाठ म्हणायला पाहिजे होतं. मला यातलं सगळं माहीत होतं. मी म्हणालो, किती? रविवार होता, बँकेनं मोठी रक्कम अडवली आणि एक बाई मला गोड आवाजात विचारत राहिली, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? चार लाख सत्तर हजार गेले. ते गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, हे आज कबूल करतो. आपण काहीतरी केलं असं वाटलं.

बाबा वाचले, घरी आले, आणि कुणीतरी त्यांना आकडा सांगितला. चौदा महिन्यांनी पुन्हा दुखलं तेव्हा ते कुणाला बोललेच नाहीत. मायला म्हणाले, गॅस झाला, सोडा दे. पहाटे गेले. माय मला हे तिसऱ्या दिवशी बोलली, तेही "त्याईले तुया पैशाची काळजी होती बापू," असं. तेव्हा सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत होऊन सहा महिने झाले होते. योजनेची मर्यादा दीड लाखाची पाच लाख करायचा निर्णयही झाला होता. बाबांच्या डोक्यात आकडा तो एकच राहिला.

म्हणून तुम्हाला सांगतो, जाण्याआधी एक माणूस ठरवा. पैसे पाठवणारा नाही, ते तुम्ही आहातच. फाइल धरून खिडकीवर उभा राहणारा, ज्याला रेशनकार्ड कुठे ठेवलं ते माहीत आहे आणि जो मुलगा काय करतो असं विचारल्यावर "असतो बाहेर कामाला" एवढंच म्हणेल. त्याला वर्षाला काही द्या, लाजू नका. गावात तो म्हणेल पैसे कशाला, तरी द्या.

आणि आईची कागदं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड मिळतं. वय आधारवरून धरतात. माझी माय १९७२ च्या दुष्काळात माझ्या मोठ्या बहिणीला कडेवर घेऊन सरकारी कामाच्या खडीवर जायची. आधारवर तिचं जन्मसाल १९५८. म्हणजे तेव्हा ती चौदा वर्षांची. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, असू शकते ना काकू, तवा लवकरच लग्नं व्हायची. शाळा नाही, दाखला नाही, कापूस वेचून बोटं अशी झाली आहेत की यंत्र अंगठा घेत नाही. दीड वर्ष मी इथून फोन करतो आहे. माय सरकारी हिशोबात अजून सत्तरीची व्हायची आहे.

तुमच्या आईच्या आधारवर जन्मसाल काय आहे, ते आज संध्याकाळी बघून घ्या.