आधी पत, मग पाटी

मावशी,

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. जळगावला पत्रकारिता आणि जनसंपर्क शिकते, शेवटचं वर्ष आहे. दिवाळीनंतर दोन महिने पुण्यातल्या एका पीआर एजन्सीत इंटर्नशिप केली. काम आवडलं. पण एकदा मला एका मसाल्याची प्रेसनोट लिहायला दिली. मी ‘पारंपरिक चव, घरगुती दर्जा’ असं लिहिलं. तो मसाला मी चाखलाही नव्हता. तेव्हापासून वाटतं, हे गोड बोलून फसवणं तर नाही? माझ्या बोलण्यातला अहिराणी हेल ऐकून तिथे हसायचेही. मैत्रीण म्हणते, नोकरी कशाला, जळगावातच आपली एजन्सी काढू. आई उन्हाळ्यात बिबडे-पापड करून विकते, तेच काम मोठं करावं असंही मनात येतं. वडील म्हणतात बी.एड. कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मुलगी ‘लोकांशी बोलायची नोकरी’ करते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? सुरुवात कुठून करू?

– गोंधळलेली

बेटा,

एजन्सी, बिबडे, बी.एड. यांच्याकडे नंतर येते. आधी तो मसाला. न चाखलेल्या वस्तूबद्दल ‘घरगुती दर्जा’ लिहिलंस आणि इतके दिवस झाले तरी ते तुला सलतं आहे. ज्या मुलीला हे सलतं, तिने या कामात जरूर यावं असं मला वाटतं. ज्यांना काहीच सलत नाही असे लोक या क्षेत्रात आधीच पुष्कळ आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतर मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले. लिहिणं बरं म्हणून सभासदांची पत्रकं, वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रांना द्यायच्या बातम्या माझ्याकडे आल्या. जनसंपर्क हा शब्द तिथे कुणी वापरत नव्हतं, पण काम तेच होतं. एका वर्षी ठेव मोडायला आलेल्या माणसांना खिडकीवरून “पुढच्या आठवड्यात या” असं उत्तर मिळू लागलं. संचालकांनी मला बोलावून पत्रक लिहायला सांगितलं: संस्था भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. मी एकही आकडा मागितला नाही. लिहून दिलं, आणि चांगलं लिहिलं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे काढायचं ठरवलं होतं. त्या पत्रक हातात घेऊन माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, “तूच लिखेल शे ना? मंग खरं व्हई.” आणि त्यांनी पैसे काढले नाहीत. ते पैसे लग्नाच्या वेळी त्यांना मिळाले नाहीत, लग्न पुढे गेलं. त्या मला कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांच्या दारावरून जाताना आजही मान वर करता येत नाही.

त्या बाईंनी पत्रकातल्या भाषेवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. जनसंपर्कात आपण हेच खर्च करत असतो, आपली पत.

तुझ्या अभ्यासक्रमात आयव्ही ली या जनसंपर्काच्या सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकन माणसाचं नाव आलं असेलच. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, ५० हून अधिक माणसं गेली. अपघात दाबून टाकायची तेव्हा रेल्वे कंपन्यांची रीत होती. लीने कंपनीकडून उलट करवून घेतलं: झालेली हकिगत लिहून वर्तमानपत्रांना दिली आणि बातमीदारांना कंपनीच्याच व्यवस्थेतून जागेवर नेलं. या व्यवसायातली प्रेसनोट तिथून सुरू झाली असं मानतात. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात, पण त्याची पुढची गोष्टही वाच. त्याच लीने नंतर एका जर्मन कंपनीचं काम घेतलं आणि १९३४ मध्ये, हिटलरची राजवट आलेली असताना, त्याबद्दल त्याला अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे जबाब द्यावा लागला. काम कुणाचं घेतो याचाही हिशेब द्यावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी मसाला समोर आला तर आधी मागून घे, चाखून बघ. मिरची कुठली, नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली की आणखी कुठली? दळली कुठे? किती जणी कामाला आहेत? ही माहिती मिळाली की ‘पारंपरिक चव’ लिहायची गरज उरत नाही. बातमीदाराला विशेषणं नकोच असतात. जाहिरातीची जागा पैसे मोजून मिळते. बातमीची जागा, तू पाठवलेलं मागच्या वेळी खरं निघालं होतं म्हणून मिळते. आणि एखाद्या ठिकाणी तुला चाखूच देत नसतील, विचारूच देत नसतील, तर ती नोकरी सोडायला घाबरू नकोस.

हेलाबद्दल. तुला हसले याचं मला वाईट वाटलं. प्रमाण मराठी आणि इंग्रजी लिहिणं मात्र घोटून पक्कं कर, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा ठेवू नकोस. बोलण्यातला हेल घासून काढू नकोस. ठिबकच्या नळ्या, बियाणं, पीकविमा, दवाखाना, बँक, ज्यांना ज्यांना खानदेशातल्या माणसापर्यंत पोचायचं आहे, त्यांना रावेर-यावलच्या केळीच्या बागेत बांधावर बसून त्याच्या बोलीत ऐकून घेणारं माणूस लागतं. ऐकून घेणं हा या कामाचा अर्ध्याहून मोठा भाग आहे. ज्याच्यासमोर माणसं मोकळं बोलतात, त्यालाच खरी तक्रार कळते.

आता एजन्सी. पाटी लावायला एक दिवस पुरतो, पण लगेच लावू नका. एजन्सी ओळख आणि विश्वास विकते, आणि तुम्हा दोघींची ती शिल्लक अजून जमायची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी गिऱ्हाईक दर महिन्याला पैसे देईलच असं नाही, आणि प्रेसनोट दिली की वर्तमानपत्रांकडून “जाहिरात किती देता?” असा प्रश्नही कानावर येईल. त्या वेळी हातात दोन-तीन वर्षांचं काम असलं की माणूस वाकत नाही. आपल्या वाकोदच्या भवरलाल जैनांनी, जैन इरिगेशनच्या संस्थापकांनी, १९६३ मध्ये ७,००० रुपये भांडवलावर हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली, हे तू लहानपणापासून ऐकत आली असशील. त्यांनी बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला तो १९७८ मध्ये. मधली १५ वर्षं खतं, पाइप, ट्रॅक्टर अशा दुसऱ्यांच्या मालाच्या एजन्सी चालवण्यात गेली. त्या वर्षांत शेतकरी त्यांना ओळखू लागला. भाषणांत रॉकेलची हातगाडी येते, ही १५ वर्षं फारशी येत नाहीत. तू १५ नको, तीन वर्षं नोकरी कर. पुण्यात कर, नाशकात कर, जळगावातल्या एखाद्या कारखान्यात कर. मैत्रीण तोवर टिकली तर एजन्सी काढा, आणि कुणाचे किती पैसे, कुणाचं काय काम, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा.

दरम्यान बिबडे. माझ्या मनात तुझ्या पत्रातली सगळ्यात भरीव गोष्ट हीच आहे, आणि तू ती एका ओळीत उरकलीस! ज्वारी भिजवणं, दळणं, घट्ट शिजवणं, कपड्यावर थापणं, ऊन बघत वाळवणं. एवढं करून तुझी आई किती भाव लावते? त्यात सोबतच्या बायकांची मजुरी, सरपण, तुकडे झालेला माल धरते का? तिची स्वतःची मजुरी तर नक्कीच धरत नसेल. एक वही घाल आणि या हंगामातला प्रत्येक रुपया लिही. व्यवसाय मोठा करायचा की नाही हे ती वही सांगेल, त्याआधी मी किंवा तू सांगू शकत नाही.

वही बरी निघाली तर उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी, नोंदणी कर. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. खाद्यपदार्थ आहे म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीही लागेल. कर्जाची घाई नको. पुढे गरज पडली तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, चौकशी कर. त्यात ग्रामीण भागातल्या महिलेसाठी ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण अनुदान मिळतंय म्हणून धंदा वाढवणारी माणसं मी बुडताना पाहिली आहेत.

आणि पाकीट तू लिही. घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, नोंदणी क्रमांक, हिरवं चिन्ह. एवढं लिहून झाल्यावर जी रिकामी जागा उरेल, तिथे दोन ओळी तुझ्या. हा माल तू लहानपणापासून खाल्ला आहेस, इथे तुझा हात अडखळणार नाही. तुझी पहिली खरी प्रेसनोट ती असू दे. नोकरीच्या मुलाखतीला जाताना ते पाकीट सोबत ने.

वडिलांवर रागावू नकोस. कापसाच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं त्यांना पगाराची तारीख प्रिय असणारच. तू शेती लिहिली नाहीस, पण तुमच्या भागात बहुतेक घरांत हेच असतं म्हणून धरून चालले. त्यांना सांग की सरकारचंही माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत माहिती कार्यालयं आहेत, तिथे जागा निघतात आणि परीक्षा होतात. तीही वाट तुला खुली आहे आणि तू ती खरंच उघडी ठेव. बी.एड. मनात नसेल तर करू नकोस. मनाविरुद्ध शिक्षिका झालीस तर वर्गातल्या मुलांनाही ते सोसावं लागेल.

परीक्षा संपते तोवर आखाजी, आपली अक्षय तृतीया, येईलच. सुरतेहून, कल्याणहून तुमच्या गावच्या लेकी माहेरी येतील, झोक्यावर बसतील. त्यांतल्या कितीतरी जणी जाताना आईचे बिबडे नेत असणार. त्यांच्याकडे जा, काही विकू नकोस. मागच्या वर्षीचे कसे होते, तळल्यावर फुलले का, तिखट जास्त झालं का, प्रवासात किती मोडले, सासरी शेजारणीला दिले तेव्हा ती काय म्हणाली, एवढंच विचार आणि मधे न बोलता ऐक. घरी येऊन त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. आईला वाचून दाखव आणि एक प्रत मला पाठव.

– तुझी मावशी