पाण्याचा ताण बसलेले पामचे रोप पुन्हा सावरते का?

पाण्याअभावी खालची पाने वाळलेले कोवळे पाम पाणी सुरू केल्यावर जगेल का आणि ते कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वाळलेल्या पानांकडे पाहून काहीच ठरवू नये, सुई पाहावी, म्हणजेच मधले न उघडलेले पान. नारळ, सुपारी, तेलताड यांसारख्या एकखोडी पामांना वाढीचा कोंब एकच असतो आणि तो मेला की रोप संपते. सुई हलकेच ओढल्यावर घट्ट लागली तर आशा आहे. ती सुटून हातात आली आणि बुडाशी कुजका वास असला, तर फारशी नाही.

माती सुकू लागली की पाम पर्णरंध्रे आवळून घेते. त्यामुळे पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणे घटते, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि न वापरलेला प्रकाश पेशींना इजा करू लागतो. ताण वाढला की जुन्या पानांच्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून ती पाने आधी जातात. हा तोटा रोपाला परवडतो, कारण पाने जाऊन खोडातल्या जलवाहिन्या वाचतात, आणि पामचे खोड पुढे नव्या जलवाहिन्या घालून जाड होत नाही. आहेत त्याच जन्मभर पुरवाव्या लागतात. मोठ्या झाडाच्या खोडात पाण्याचा साठा तरी असतो, कोवळ्या रोपाकडे तोही नसतो. तेलताडात तर ताणाच्या काळात सुया निघत राहतात पण उघडत नाहीत, आणि शेंड्यात त्यांची गर्दी होते.

पाणी मिळाल्यावर पानांतला ताठरपणा लवकर परततो. प्रकाशसंश्लेषण पूर्ववत व्हायला मात्र, ताण किती बसला होता त्यानुसार, एक-दोन आठवडे किंवा अधिकही लागतात. सुकलेल्या मुळ्यांच्या जागी खोडाच्या बुडातून नव्या फुटाव्या लागतात, म्हणून माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हवा खेळती, ठेवावी, पाणी साचू देऊ नये आणि खताची घाई करू नये. अर्धवट पिवळी पानेही कापू नयेत, कारण रोप त्यांतले पोटॅश नव्या पानांसाठी ओढून घेत असते. (नारळाच्या रोपाला फळ अजून चिकटलेले असल्यास तेही राहू द्यावे, आतल्या खोबऱ्यावर ते बरेच महिने पोसले जाते.)

सुईवर आणि शेजारच्या देठावर एकाच उंचीवर पेनाने खूण करावी. काही आठवड्यांत सुईवरची खूण वर सरकली तर कोंब जिवंत आहे, मग उघडणारे पहिले पान आखूड आणि टोकाशी करपलेले निघाले तरी चिंता नको, कारण ते ताणाच्या काळातच घडलेले असते.