जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: पोर्ट हळू असेल तर खर्च वाया जातो का?

प्रश्न: माझा डेस्कटॉप संगणक २०१० सालचा असून त्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू होऊन कामाला तयार होईपर्यंत पाच मिनिटे जातात आणि हल्ली डिस्कमधून मधूनमधून टकटक असा आवाज येतो. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवावी असे मनात आहे, परंतु मदरबोर्डवर साटा-२ पोर्ट (डिस्क जोडण्याची जुन्या पिढीची, कमी वेगाची जागा) असल्यामुळे तिचा निम्मा वेग वाया जाईल, असे एका जाणकाराने सांगितले. त्यापेक्षा एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी) घ्यावी का? जुन्या डिस्कवर कुटुंबाची छायाचित्रे आहेत. ती डिस्क आतच ठेवली तर चालेल का?

उत्तर: आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पोर्टची नसून त्या आवाजाची आहे. नव्याने सुरू झालेली टकटक हे बहुधा डिस्कचे हेड (तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) नीट काम करीत नसल्याचे लक्षण असते. म्हणून कोणतीही खरेदी करण्यापूर्वी, शक्य तर आजच, सर्व छायाचित्रे बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि त्यांतील काही प्रत्यक्ष उघडून पाहावीत. प्रत होईपर्यंत त्या डिस्कवर नवे काही लिहू नये.

आता पोर्टविषयी. साटा-२ची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० एमबी आणि साटा-३ची ६०० एमबी, हे खरेच आहे. परंतु आपला संगणक हळू चालतो तो या मर्यादेमुळे नव्हे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हेडला योग्य मार्गावर सरकण्यासाठी आणखी ८-९ मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने विखुरलेल्या जागांवरची जेमतेम ऐंशी वाचने एका सेकंदात होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचे धरले, तर सेकंदाला अवघे ३२० केबी हाती लागतात. संगणक सुरू होताना नेमकी अशीच हजारो छोटी, विखुरलेली वाचने होत असतात, आणि आपली पाच मिनिटे तिथे जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. अशी वाचने एकामागून एक करताना चांगली एसएसडीही सेकंदाला चाळीस-पन्नास एमबींच्या फारशी पुढे जात नाही, म्हणजे ३०० एमबीची मर्यादा तिला या कामात आडवी येतच नाही. मोठ्या चित्रफिती एका एसएसडीवरून दुसरीवर नेताना मात्र निम्मा वेग जाणवेल. एवढ्यासाठी खरेदी टाळावी असे मला मुळीच वाटत नाही.

एनव्हीएमई आपल्यासाठी नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत अडॅप्टर कार्ड लावून ती साठवणुकीसाठी वापरता येते, परंतु त्या काळातील बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सहसा तिच्यावरून संगणक सुरू करू शकत नाही, आणि आपल्याला वेग हवा आहे तो तिथेच. अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. साडेतीन इंची जागेत ती बसवण्यासाठी साधी पट्टी मिळते. पॉवर सप्लायमधून साटाची वायर येत नसेल आणि जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून अडॅप्टर घ्यावा लागला, तर प्लॅस्टिकच्या एकसंध साच्यात ओतलेले टोक असलेला अडॅप्टर टाळावा, कारण तशा टोकांत वायर एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार घडलेले आहेत.

जुन्या डिस्कचे क्लोनिंग (जशीच्या तशी पूर्ण प्रत) करावे की नव्याने इन्स्टॉलेशन? डिस्क निरोगी असती तर मी क्लोनिंगला हरकत घेतली नसती. पण दुखावलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावणे धोक्याचे असते, शिवाय जुन्या सिस्टिममधील गोंधळही जसाच्या तसा नव्या जागी येतो. म्हणून नव्याने इन्स्टॉलेशन करावे. त्यापूर्वी बायोसमध्ये साटाचा मोड (डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत) जुना आयडीई असल्यास तो नवा एएचसीआय करून घ्यावा, कारण विंडोज बसवल्यानंतर हा मोड बदलला तर पुष्कळदा निळा पडदा येऊन संगणक सुरू होत नाही. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार (सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे इंटरनेटचा वापर रोजचा असेल तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार अवश्य करावा.

एक गोष्ट मात्र विसरू नये: इन्स्टॉलेशनच्या वेळी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली तर विंडोज स्वतःला सुरू करणाऱ्या फाइली कधीकधी तिच्यावरच ठेवते, आणि पुढे ती डिस्क बंद पडली की एसएसडी उत्तम असूनही संगणक सुरू होत नाही.

सिस्टिम व्यवस्थित चालू झाल्यावर जुनी डिस्क जोडून तिची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) पाहावी. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा (डिस्कवरील खराब झालेल्या वा संशयास्पद कप्प्यांचा) आकडा शून्य नसेल, किंवा शून्य असूनही टकटक थांबली नसेल, तर ती डिस्क काढून टाकावी. छायाचित्रांसाठी नवी मोठी हार्ड डिस्क घेतल्यास २ टीबीपेक्षा अधिक क्षमतेसाठी तिचे विभाजन जीपीटी या नव्या पद्धतीचे करावे लागेल. केवळ साठवणुकीची डिस्क म्हणून ती जुन्या बायोसच्या संगणकावरही चालते. आता बाहेर काढलेली प्रत त्यानंतरही पुसू नये, म्हणजे छायाचित्रे दोन ठिकाणी राहतील.