आजीने कॉमनमध्ये झोका का मागितला

मनू बेटा,

काल गाडीत तू विचारलंस ना, की आजीने बॉस्टन कॉमनमधल्या, म्हणजे शहराच्या मधल्या त्या मोठ्या सार्वजनिक बागेतल्या, पार्कवाल्या माणसाला झाडाला झोका बांधू का असं का विचारलं, एवढ्या मोठ्या बाईला झोका कशाला, किती एम्बॅरेसिंग, तेव्हा मी नंतर सांगते म्हटलं कारण आजी मागेच बसली होती आणि आपण इंग्लिशमध्ये तिच्याबद्दल बोललो की तिला बरोब्बर कळतं. म्हणून लिहून देतेय. हळूहळू वाच, अडलं तर विचार.

तर काल आखाजी होती. बाकीकडे अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोन्याच्या जाहिराती लागतात, पण आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण, काही घरांत दिवाळीपेक्षा मोठा. शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजीला संपतं आणि नवीन ठरतं, वारलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो (तू खातोस त्या डब्यातल्या पल्पला आजी आमरस म्हणत नाही, तो वेगळा विषय).

पण बायकांसाठी आखाजी म्हणजे माहेर आणि झोका. आजीचं माहेर अमळनेरकडचं, सासर चोपड्याकडचं, मध्ये तापी. सासरी अंधारात उठायचं, दळण, पाणी, भाकरी, मग शेत, आणि परत आल्यावर पुन्हा भाकरी. आखाजीच्या आधी भाऊ मुराळी म्हणून घ्यायला यायचा आणि माहेरी गेलं की तिला कुणी काही काम सांगायचं नाही. गावातल्या सगळ्याच लेकी आलेल्या असायच्या, लहानपणच्या मैत्रिणी वर्षाने भेटायच्या, त्या कुठे भेटायच्या तर झोक्यावर. म्हणजे झोका लहान पोरांसाठी नव्हताच, पोरांचा नंबर शेवटी लागायचा, मीच किती रडलेय त्यावरून.

झोका बांधणं पण साधं काम नाही हां. मोठं निंबाचं झाड बघायचं, आडवी जाड फांदी, तिच्यावर आधी गोणपाट गुंडाळायचं म्हणजे दोर फांदीला कापत नाही आणि फांदी दोराला कापत नाही, मग जाड दोर टाकून खाली लाकडाची फळी. त्या फळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहणार, पदर कमरेला खोचलेला, एक गुडघे वाकवून जोर लावणार, ती वर गेली की दुसरी लावणार, आणि खाली उभ्या असलेल्या गाणी म्हणणार. आपल्याकडे त्या दिवसांत 43-44 डिग्री ऊन असतं, म्हणून हे सगळं सकाळी नाहीतर पार रात्री चालायचं. माझ्या आईला मी एरवी कधी ओरडताना ऐकलं नाही पण झोक्यावर ती ओरडायची, आनंदाने.

आता तू म्हणशील झाड दुसऱ्याचं असेल तर. तेच तर सांगायचंय. ते निंबाचं झाड गायरानाच्या कडेला होतं, गायरान म्हणजे गावाची जमीन, कुणा एकाची नाही, सगळ्यांची ढोरं तिथे चरणार, पोरं तिथेच खेळणार. तिथे झोका बांधायला कुणाला विचारायची पद्धतच नव्हती.

आणि तुमच्या शाळेने फ्रीडम ट्रेलच्या ऐतिहासिक जागा बघायला नेलं तेव्हा 1775 चे ब्रिटिश सोल्जर लढाईला कॉमनमधूनच निघाले वगैरे सांगितलं असेल, गायींचं सांगितलं का? कॉमन 1634 ची आहे. विल्यम ब्लॅकस्टोन नावाचा एक एकटा राहणारा माणूस होता, त्याच्याकडून बॉस्टनच्या लोकांनी 30 पौंडांना जमीन घेतली, घरटी कमीत कमी सहा शिलिंग अशी वर्गणी काढून, आणि घेतली ती बागेसाठी नाही, ढोरं चारायला आणि शिपायांच्या कवायतीला. पुढे गायी इतक्या झाल्या की गवत राहीना, मग 1646 मध्ये नियम केला, एका वेळी 70 गायीच, आणि कुणाला मेंढ्या ठेवायच्या असतील तर एका गायीच्या जागी चार मेंढ्या. शेवटी 1830 मध्ये गायी बंद झाल्या, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं त्या तिथे चरत होत्या, आज तू फ्रिस्बी खेळतोस त्याच गवतावर.

हे मी आजीला बाकावर बसून सांगितलं तर चार मेंढ्यांचा हिशोब तिला लगेच पटला, म्हणाली शेळ्यांना नसतील येऊ देत, शेळी झाड ठेवत नाही. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "मंग हाई ते गायरानच शे." आणि थोड्या वेळाने, "आठे झोका नही बांधतस का?" म्हणजे इथे झोका नाही का बांधत.

म्हणजे बघ, आपल्या गावात तिने जन्मात कुणाला विचारलं नाही, इथे परक्या देशात आहोत म्हणून उलट उठून रीतसर विचारायला गेली. मला तर ते कौतुकाचं वाटलं. तो माणूस पण किती नीट बोलला, झाडाला दोर बांधता येत नाही म्हणाला, पलीकडे फ्रॉग पाँडजवळ मुलांचे झोके आहेत ते दाखवले, आजीने जाऊन बघितले आणि नाक मुरडलं कारण त्यावर बसायचं असतं.

तिच्या माहेरचं गायरान आता फार उरलेलं नाही, पाण्याची टाकी झाली, घरकुलं झाली, निंब रस्त्यात गेला. माझी मावसबहीण जळगावला फ्लॅटमध्ये राहते, ती आखाजीला पोरींना घेऊन बागेतल्या लोखंडी झोक्यावर लाइन लावते, ते मला जरा केविलवाणं वाटतं पण ती म्हणते निदान मैत्रिणी तरी भेटतात.

आपल्या मागच्या अंगणातल्या ओकची एक फांदी आजीने आज सकाळीच बघून ठेवलीय, गोणपाट नाही पण जुने टॉवेल चालतील, शनिवारी दोर धरायला तू लागशील. आणि गाणी ऐकायची असतील तर तिला आत्ताच म्हणायला लाव, त्यातली अर्धी सासूच्या नावाने बोटं मोडणारी आहेत आणि पुढच्या महिन्यात बाबांची आई येतेय.

तुझी आई